कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात

मराठी मासिकांच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर, वर्गणीच्या दरांखाली, लेखकांसाठी एक सूचना छापलेली असे. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेला असावा. ही सूचना आम्ही वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून वाचत आलो आणि दर वेळी तेथेच थांबत आलो. कागदाची एक बाजू आमच्याजवळ होती. समासही सोडता आला असता. अडचण होती ती तिसऱ्या अटीची. आज सत्तरी ओलांडल्यावर हा लेख वाचकांपुढे येत आहे, तो सूनबाईंच्या फोनपुढे बसून आम्ही बोलत गेलो आणि फोन ते उतरवून घेत गेला म्हणून. त्या यंत्राने 'अक्षर' या शब्दाच्या दोनदा 'अक्षता' केल्या. त्या सूनबाईंनी निवडून काढल्या.

आमचा जन्म १९५४ सालचा. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या आरंभी सिल्वासा पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाले. ज्या तुकड्यांनी ते मुक्त केले त्यांत सुधीर फडके होते, हे आमच्या पिढीच्या घरांतून मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला आणि त्यानंतर वर्षभरात आमचे वडील येथील मराठी शाळेत शिक्षक म्हणून आले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. सायलीस घर झाले ते पुष्कळ पुढे. तेव्हा सायली म्हणजे भाताची आणि नागलीची शेते, वारल्यांचे पाडे आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आज त्याच रस्त्याने आमच्या दारावरून कारखान्यांचे ट्रक जातात, आणि जवळच वैद्यकीय महाविद्यालयाची मोठी इमारत उभी आहे. तिची कोनशिला २०१९ च्या जानेवारीत बसली आणि उद्घाटन २०२३ च्या एप्रिलमध्ये झाले. या इमारतीचा संबंध पुढे यावयाचा आहे.

अण्णांचे अक्षर छापल्यासारखे होते. फळ्यावर त्यांनी सुविचार लिहिला की दुसऱ्या दिवशी तो पुसावयास मुले धजत नसत. लोक अर्ज लिहवून घेण्यास त्यांच्याकडे येत. लग्नाच्या याद्या, बारशाची आमंत्रणे, सातबाऱ्याच्या नकला, सारे त्यांच्याच टाकातून उतरावयाचे. अशा माणसाच्या पोटी आम्ही आलो. आमचे अक्षर पाहून ते प्रथम हसले, मग रागावले आणि शेवटी गप्प झाले. या तिन्हींत आम्हांला गप्प होणे सर्वांत जड गेले.

समर्थांच्या दासबोधातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, काने-मात्रा सरळ असाव्यात, ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर तसेच ते अखेरीस असावे, असा त्याचा आशय. अण्णांनी उपाय म्हणून हा समास आमच्याकडून पाठ करून घेतला. आठ-नऊ दिवसांत तो आम्हांला मुखोद्गत झाला. एका गणेशोत्सवात चारचौघांपुढे आम्ही तो न अडखळता म्हटला आणि एका गृहस्थांनी खूश होऊन आम्हांला चार आणे दिले. घरी आल्यावर अण्णांनी तोच समास लिहून दाखवावयास सांगितले. पहिल्या तीन ओव्या लिहिण्यास जो वेळ लागला तेवढ्यात आईचा स्वयंपाक झाला होता. पहिल्या ओळीतला 'ब' दुसऱ्या ओळीत 'व' झाला होता, तिसरी ओळ उतरंडीला लागून चौथीत शिरली होती आणि बोटांत टाक इतका घट्ट धरला गेला होता की मधल्या बोटावर त्याचा खळगा पडला होता. सारे तोंडपाठ आहे आणि लिहिता येत नाही, याचा अर्थ त्या काळी एकच होत असे. मुलगा लबाड आहे.

शाळेतल्या शिक्षांचे वर्णन करून आम्ही कोणाचे मन विटवू इच्छीत नाही. एका गुरुजींनी आमची वही आमच्याच गळ्यात दोरीने बांधून वर्गावर्गांतून फिरविले होते, एवढे नोंदवून ठेवतो. गुरुजी माणूस वाईट नव्हते. त्यांना वाटले, लाज वाटली की अक्षर सुधारेल. लाज तर भरपूर वाटली.

पुढे आमचे आयुष्य म्हणजे लिहिणे चुकविण्याची एक लांबलचक कला झाली. मॅट्रिक कसेबसे पार पडले. त्यानंतर आम्ही टंकलेखनाच्या वर्गात नाव घातले, आणि गोदरेजच्या त्या जड मशीनपुढे बसल्यावर आम्हांला प्रथमच असे वाटले की आपल्या डोक्यात जे आहे ते कागदावर जसेच्या तसे येऊ शकते. कळ दाबली की 'क' उमटे. तोच, तेवढाच, दर वेळी सारखा. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांना या आनंदाची कल्पना यावयाची नाही. नगर हवेलीत कारखाने वाढू लागले तसे आम्हांला एका सुताच्या कारखान्यात भांडारात काम मिळाले. पावत्या, आवक-जावक, स्मरणपत्रे, सगळे आम्ही टाइप करीत असू, आणि साहेब लोक आमच्या टापटिपीची तारीफ करीत. चेकवरची सही मात्र टाइप करता येत नाही. सही जुळत नाही म्हणून आमचे चेक किती वेळा परत आले याचा हिशोब आम्ही ठेवलेला नाही.

लग्न ठरले १९७८ साली, झाले १९७९ मध्ये. मधल्या आठ महिन्यांत पत्रव्यवहार झाला. पालघरहून येणारी पत्रे सुरेख असत. आम्ही पाठविलेली पत्रेही सुरेख असत, कारण ती आम्ही सांगत असू आणि आमचा एक मित्र लिहीत असे. सासरेबुवांनी आमच्या अक्षरावरून आमच्या स्वभावाचा स्थिरपणा ताडला होता, असे पुढे कळले. लग्नानंतर महिन्याभरात आम्ही वाणसामानाची यादी लिहिली आणि बिंग फुटले. सौ. दोन दिवस बोलली नाही. अक्षर वाईट याचा तिला राग नव्हता. तिच्या खासगी पत्रांची उत्तरे एका परक्या माणसासमोर बसून सांगितली गेली, याचा होता. तो राग रास्तच होता आणि त्यावर आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

आता नातवाकडे वळतो, कारण या लेखाचे खरे कारण तोच आहे.

चिरंजीवांचा हा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि हिंदी. सायली-सिल्वाशातल्या कोणत्याही मराठी घरात हेच आहे, आणि आपल्या मुलांना चार-चार भाषा सहज येतात याचे आपल्याला कौतुकही असते. बोलण्यात हा मुलगा कोणास हार जाणारा नव्हता. दमणगंगेवरच्या मधुबन धरणात पाणी किती चढले, कोणत्या गाडीला वापीस थांबा आहे, कोणत्या झाडावर कोणता पक्षी बसतो, सारे त्याला विचारावे. वही उघडली की तोच मुलगा निराळा होई. अक्षरे लहानमोठी, काही रेघेच्या वर तरंगणारी, काही खाली बुडालेली. शब्दांत अंतर नाही, किंवा एकाच शब्दाचे दोन तुकडे. खोडून खोडून कागदाला पडलेली भोके. पाच ओळींचे उत्तर दीड ओळीत संपवलेले.

वाचकांना वाटेल की आम्ही ते पाहताच ओळखले असेल. नाही ओळखले. ज्याचा जन्म त्या विहिरीत गेला त्यानेच नातवाला विहिरीत ढकलले. आमच्या मनाने असे घेतले की आपल्याला कोणी नीट वळण लावले नाही म्हणून आपले हे असे झाले, तर निदान याला लावू. २०२२ च्या उन्हाळी सुटीत आम्ही त्याच्यासाठी चौरेघी वह्या आणल्या आणि रोज सकाळी दोन पाने कित्ता गिरवावयाचा, त्याशिवाय सायकल नाही, असा नियम केला. मूल तेव्हा नऊ वर्षांचे होते. तीन आठवडे त्याने तो पाळला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी बांधून आला आणि पडलो म्हणून सांगू लागला. आम्ही पट्टी सोडली. आत काही नव्हते. आम्ही त्याला चापट मारली. आमच्या हातून या घरात कोणालाही बसलेली ती पहिली.

रात्री जेवणे झाल्यावर सौ. भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, पालघरची ती पत्रे अजून माझ्या पेटीत आहेत. उद्या त्याला वाचून दाखवू का?"

दुसऱ्या दिवसापासून कित्ता बंद झाला. शाळा उघडल्यावर त्याच्या वर्गशिक्षिकेने सूनबाईंना बोलावून घेतले. वयाने तरुण मुलगी, पण तिने जे पाहिले ते आम्ही पाहिले नव्हते. तोंडी परीक्षेत हा पहिल्या पाचांत असतो आणि लेखीत शेवटच्या पाचांत, तर यात आळसाखेरीज दुसरे काही असेल, एकदा तपासून घ्या, असे ती म्हणाली. दिवाळीच्या सुटीत वापीहून पहाटेच्या फ्लाइंग राणीने आम्ही तिघे मुंबईस गेलो: सूनबाई, नातू आणि आम्ही. चिरंजीव आले नाहीत. त्यांना हे थोतांड वाटत होते.

तपासणी दोन दिवस चालली. बुद्धीची चाचणी झाली, वाचनाची झाली, पाहून लिहिण्याची, ऐकून लिहिण्याची आणि आपल्या मनाने लिहिण्याची अशी निरनिराळी झाली. डोळे व कान आधीच पाहिले होते. अखेरीस डॉक्टर बाईंनी नाव सांगितले, डिसग्राफिया. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ लिहिण्यातली अडचण एवढाच. त्यांनी समजावले ते असे. सामान्य माणूस अक्षर लिहावयास शिकतो तेव्हा काही महिने विचार करून लिहितो, आणि मग हाताला ते आपोआप येऊ लागते. सायकल शिकल्यावर पायडल मारताना कोणी विचार करतो काय? या मुलांच्या हाताला ती आपोआप येण्याची सवय लागत नाही किंवा फार उशिरा लागते. प्रत्येक 'क' त्यांना नव्याने बांधावा लागतो. सारे लक्ष त्या बांधकामात खर्च झाले की काय सांगावयाचे ते निसटते. म्हणून उत्तर दीड ओळीत संपते. बुद्धीत उणे नसते, आळसही नसतो. मार देऊन ते जात नाही. सरावाने काही सुधारते, पण सराव थोडा थोडा आणि योग्य तऱ्हेचा हवा. बऱ्याच वेळा ते घराण्यात चालत येते.

येथे आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजोबा, काल फॉर्म तुमच्या पुढे ठेवला तर तुम्ही तो न वाचताच सूनबाईंकडे सरकवलात. चष्मा तर डोळ्यांवर होता." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद आमच्यापुढे केला आणि लगेच परत घेतला. नको, म्हणाल्या, राहू द्या.

आमच्या लिपीविषयी येथे थोडे सांगावेसे वाटते, कारण परतीच्या गाडीत आम्ही त्याचाच विचार करीत होतो. देवनागरी ही सर्वांत शास्त्रशुद्ध लिपी असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि वाचण्याच्या दृष्टीने ते पुष्कळ खरे आहे. लिहिणाऱ्या हाताची तिथे काय गत होते ते पाहा. 'कि' म्हणताना क आधी आणि इ नंतर, पण ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी येते. एकटा 'र' घ्या. पर्वतात तो डोक्यावर बसतो, प्रकाशात पोटाला तिरका चिकटतो, राष्ट्रात पायाशी घर बांधतो आणि तऱ्हेत आडवा होऊन झोपतो. वर मात्रा, खाली उकार, बाजूला काना, आणि या सर्वांवरून शिरोरेघ ओढावयाची, तीही शब्द संपेल तिथेच थांबवावयाची. गुजरातीने निदान ती शिरोरेघ टाकून दिली. नातू गुजराती पाट्या भराभर लिहून दाखवी आणि मराठीस अडे, त्याचे एक कारण हेच असावे असे आम्हांला वाटते. हे आमचे घरगुती मत आहे. डॉक्टरांच्या माथी ते मारू नये.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत लिहून ठेवली आहे आणि मुलांना आधी चित्रकला शिकवावी, मग अक्षरे, असे सुचविले आहे. पुष्कळ मंडळींनी आम्हांला हेच सुचविले. त्यातून २००७ सालचा 'तारे जमीन पर' सर्वांनी पाहिलेला. तेव्हा या मुलात एखादा चित्रकार दडलेला असणार, अशी नातलगांची खात्रीच होती. कोणी रंगपेटी आणली, कोणी वारली चित्रांचे पुस्तक आणले. या प्रदेशात घरोघरी भिंतींवर तांदळाच्या पिठाचे वर्तुळ, त्रिकोण आणि चौक नांदत आले आहेत, तेव्हा ते याला जमेलच! नाही जमले. ज्या हाताला 'व' वाटोळा येत नाही त्याला सूर्य तरी वाटोळा कसा यावा? सर्वच पांगळ्या पायांना पंख फुटत नाहीत. या मुलाला पक्षी ओळखता येतात, काढता येत नाहीत, आणि त्याचे काही बिघडलेले नाही.

खरा पेच पुढे आला तो दाखल्याचा. १९९५ च्या अपंगांसंबंधीच्या कायद्यात या अडचणीला जागा नव्हती. महाराष्ट्रात १९९६ पासून शालान्त परीक्षेस बसणाऱ्या अशा मुलांना सवलती मिळू लागल्या होत्या, आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही स्थापन झाली. पण सबंध देशासाठी कायद्यात नाव आले ते २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांतला एक. डिसग्राफियाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. दाखला असेल तर परीक्षेत तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात, लेखनिक घेता येतो. आमच्या चिरंजीवांना त्या कागदावरचा 'दिव्यांग' हा शब्द खपेना. धडधाकट मुलाला आपण होऊन हा शिक्का मारावयाचा? उद्या नोकरीत, लग्नात, चार लोकांत? वाचेल, सुधारेल, मोठा झाला की टाइपच करावयाचे आहे. आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हीही मनातून त्यांच्याच बाजूचे होतो. आमचे नाही का निभावले?

सूनबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शोधून काढले, दोन्ही २०२१ सालचे, आणि एका रविवारी आम्हां दोघांना वाचून दाखविले. पहिला फेब्रुवारीतला. विकाश कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. नागरी सेवा परीक्षेत त्याला लेखनिक नाकारला गेला, आणि न्यायालयाने तो द्यावयास हवा असे ठरविले. अपंगत्व चाळीस टक्के भरले नाही म्हणून हक्क नाही, ही समजूत न्यायालयाने काढून टाकली. दुसरा नोव्हेंबरमधला. डिसग्राफिया असलेली एक विद्यार्थिनी वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेस मुंबईच्या केंद्रावर बसली होती. तिला हक्काचा जादा तास मिळाला नाही आणि इतरांबरोबरच तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. न्यायालयाने फेरपरीक्षेचा हुकूम दिला नाही. तथापि झालेला अन्याय कसा भरून काढणार ते आठवड्याभरात ठरवा, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावले. दोन्ही निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेले.

ती इमारत आमच्या खिडकीतून दिसते. डॉक्टरांच्या वाईट अक्षरावर सारे जग हसते आणि ते खपवूनही घेते. डॉक्टर होण्यापूर्वीच्या मुलाला मात्र कोणी खपवून घेत नाही.

त्या संध्याकाळी चिरंजीव आमच्याजवळ ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, मी चौथीत होतो तेव्हापासून बँकेतल्या स्लिपा तुम्ही मला भरावयास लावीत होता. पोस्टातले फॉर्म, रेशनचे अर्ज, आईच्या दवाखान्याचे कागद. मला वाटे, बाबा मला व्यवहार शिकवताहेत. मी वर्गात सांगत असे."

आम्ही म्हणालो, "शिकवीत नव्हतो."

"हो," ते म्हणाले, "ते आज कळले."

त्यांनी अर्जावर सही केली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर निघताना, बूट घालता घालता. त्यावर नंतर बोलणे झाले नाही.

आता घरात एक धूळपाटी आहे. परातीत वाळू पसरून बोटाने अक्षरे काढावयाची, दिवसातून दहा मिनिटे. आमच्या आजोबांच्या काळी मुले जशी धुळाक्षरे गिरवीत तशीच. मुंबईच्या बाईंनीच हे सुचविले, तेव्हा आम्हांला मौज वाटली. पेन्सिलीला रबराची जाड पकड आहे. शाळेचे निबंध तो टाइप करतो आणि ते लांबलचक असतात. शिक्षक आता कमी लिहावयास सांगतात. लेखनिकाशी त्याचे नेहमी भांडण होते, कारण तो सांगतो भराभर आणि लेखनिक लिहितो हळू. मराठीत लिहावयाचे म्हटले की अजूनही तोंड वाकडे करतो. एखाद्या दिवशी वही भिरकावतो. वर्गातली काही पोरे त्याच्या जादा वेळावरून त्याला टोचतात आणि एकदा तो घरी येऊन, मला नको तो तास, असे म्हणाला. त्यावर काय बोलावे हे आम्हांला सुचले नाही. सौ.ने त्याला पालघरच्या पत्रांची गोष्ट सांगितली. तो पोट धरधरून हसला. त्या तासाचा विषय पुन्हा निघाला नाही, पण तो संपला आहे असेही आम्ही समजत नाही.

२०१८ च्या नियमांप्रमाणे हा दाखला आठव्या वर्षानंतर मिळतो आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते, असे आम्हांला सांगण्यात आले. नातवाला लवकरच चौदावे लागेल. वापी ते मुंबई पुन्हा एकदा पहाटेची गाडी. या वेळी चिरंजीवही येणार आहेत. फॉर्म आम्ही भरू असे आम्ही सूनबाईंना सांगून ठेवले आहे, आणि त्यांनी जाताना दोन फॉर्म मागून घ्यावयाचे ठरविले आहे.